लॅपटॉपवर द्रव सांडल्यावर आधी काय करावे

माझ्या लॅपटॉपवर दूध-साखर घातलेली कॉफी सांडली तेव्हा मी सर्वांत आधी कापड शोधायला धावलो, आणि नेमकी तीच चूक झाली. मी कीबोर्ड पुसत होतो तेव्हा चार्जर तसाच जोडलेला होता, स्क्रीन चालू होती, आणि काहीच बिघडलेले दिसत नसल्यामुळे मी हातातले काम पूर्ण करूनच उठलो. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही. सुमारे तीन आठवड्यांनंतर एका सकाळी तो सुरूच झाला नाही, आणि तंत्रज्ञाने मागचे झाकण उघडून दाखवले तेव्हा स्क्रीनची केबल मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डला, जिथे जोडलेली असते, त्या कनेक्टरभोवती हिरवट-पांढरा थर चढलेला होता.

हा थर कसा तयार होतो, हे समजल्यावर सांडल्यानंतरच्या कामांचा क्रम मला कधीही विसरता आला नाही. शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. परंतु आपण पितो त्या पाण्यात क्षार असतात, फळांच्या रसात आम्ले असतात, आणि अशा विरघळलेल्या घटकांमुळे द्रव विद्युतवाहक बनतो. मदरबोर्डवर अगदी जवळजवळ असलेल्या दोन वाहिन्यांमध्ये असा द्रव शिरला आणि तेथे वीजही चालू असली, की धन बाजूचे तांबे विरघळू लागते व ऋण बाजूवर साचत जाऊन शेवटी दोन्हींना जोडणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. स्क्रीनमागील दिव्यांना वीज पुरवणाऱ्या पिनवर व्होल्टेज तुलनेने बरेच जास्त असते, म्हणून तो कनेक्टर लवकर बळी पडतो.

म्हणून आधी वीज, मग कापड. भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण सुमारे 10 सेकंद दाबून धरावे. फाइल सेव्ह करण्यासाठी किंवा मेनूतून रीतसर बंद होण्यासाठी थांबू नये. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती लगेच काढावी. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती आतच असते, आणि लॅपटॉप बंद दिसत असला तरी मदरबोर्डच्या काही भागांना तिचा पुरवठा चालूच राहतो. त्यामुळे मागचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवणे हे सर्वांत मोलाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते स्वतःला जमत नसेल तर त्याच दिवशी जाणकाराकडे जावे. बॅटरी गरम लागत असेल किंवा फुगलेली दिसत असेल, तर मात्र तिला हात न लावता दूर व्हावे.

त्यानंतर लॅपटॉप उघडा ठेवून, कीबोर्ड खालच्या बाजूला येईल असा, तंबूसारखा उलटा उभा करावा. तो हलवू किंवा झटकू नये, कारण त्यामुळे द्रव कोरड्या भागांतही पसरतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा द्रवाला आणखी आत ढकलते, तर तांदळात ठेवण्याचा प्रसिद्ध उपाय फक्त पिठूळ धूळ आत सोडतो.

वाळणे म्हणजे स्वच्छ होणे नव्हे, ही गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. पाणी उडून गेले तरी साखर, दूध आणि क्षार मागे राहतात. त्यांतली साखर व क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात, आणि वीज सुरू होताच झीज पुन्हा चालू होते. म्हणून बॅटरी सोडवलेल्या मदरबोर्डवर किमान 90 टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावून तो थर काढावा लागतो, आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत लॅपटॉप ‘सहज एकदा पाहावा’ म्हणूनही सुरू करू नये.

माझा मदरबोर्ड वाचला नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा भाग, मात्र वेगळी काढता येणारी होती, आणि ती बाहेरून जोडायच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर सर्व फाइली सुखरूप मिळाल्या. काही लॅपटॉपमध्ये ही साठवण मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. तेथे बॅकअप नसेल, तर मदरबोर्डबरोबर फाइलीही जाण्याची भीती असते.