थर्मल उभं राहिलंच, मग मिळालं काय?

मी डहाणूची म्हटलं की लोक आधी चिकूबद्दल विचारतात, आणि जरा अंदाज घेऊन मग थर्मलबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या कोळशाच्या वीज केंद्राबद्दल. "एवढी वर्षं भांडलात, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलात, तरी थर्मल उभं राहिलंच ना? मग मिळालं काय?" दरवेळी प्रश्न खोचकच असतो असं नाही. अशीच केंद्रं असलेल्या चंद्रपूर-कोराडीकडची तरुण मुलं तोच प्रश्न पोटतिडकीने विचारतात, कारण त्यांना आपलं पुढचं ठरवायचं असतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

उभं राहिलं हे खरंच. खाडीकाठी २५० मेगावॅटचे दोन संच आणि २७५ मीटरची चिमणी. १९९५ पासून तिथे वीज तयार होते आणि ती जाते मुंबईच्या उपनगरांना. कंपनी आधी बीएसईएस, मग रिलायन्स, आता अदानी. आम्हाला वीज सरकारी मंडळाची. भारनियमनाच्या दिवसांत गावात मिट्ट काळोख आणि थर्मलवर मात्र झगमगाट, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय. "वीज तुम्हीही वापरताच की!" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, आणि विषय पुढे नेते.

या वीज केंद्राच्या मंजुरीविरुद्ध डहाणूतले लोक कोर्टात गेले. नर्गिस इराणींचं नाव त्यात सगळ्यांत पुढे. मार्च १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अर्ज फेटाळला. म्हणजे तुमचा प्रश्न त्याच दिवशी विचारता आला असता. पण मंजुरीत एक अट होती. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायची, जिला आता सगळे एफजीडी म्हणतात. ही अट पूर्ण विचार केल्याशिवाय सैल करू नका, असं कोर्टाने त्याच निकालात सरकारला बजावलं. वीज केंद्र रोखायची लढाई तिथे संपली. त्या एका अटीची लढाई पुढे सोळा वर्षं चालली, आणि माझ्या मते डहाणूची खरी गोष्ट हीच आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा. कागद उत्तम होता, पण अंमलबजावणी करणार कोण? पर्यावरण पत्रकार बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्यांच्यापुढे डहाणूतल्या माणसाला उभं राहून आपलं गाऱ्हाणं मांडता येई, तेही मराठीत. दिल्लीच्या कोर्टात ही सोय नसते.

या प्राधिकरणाने मे १९९९ मध्ये एफजीडी बसवायचा आदेश दिला. कंपनी हायकोर्टात गेली. गरजच नाही, भारतीय कोळशात गंधक मुळातच कमी, हा युक्तिवाद तुम्ही आजही ऐकत असाल. त्याचा हिशेब आम्ही खडूने फळ्यावर मांडायचो. कोळशात अर्धाच टक्का गंधक धरा. हजार टन कोळशात तो पाच टन होतो आणि जळला की त्याचा दहा टन सल्फर डायऑक्साइड. ५०० मेगावॅटचं केंद्र दिवसाला कित्येक हजार टन कोळसा खातं. टक्केवारी लहान दिसते ती एवढ्याचसाठी, की तुम्हाला दिवसभराचा कोळसा दाखवलेला नसतो. शिवाय उंच चिमणीने गंधक नाहीसा होत नाही, फक्त लांब जाऊन पडतो. वाटेत त्याचे बारीक सल्फेटचे कण होतात, आणि ते छातीत जातात.

२००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला ३०० कोटींची बँक हमी द्यायला लावली. तेव्हा कुठे चक्रं फिरली. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. खाऱ्या पाण्यातला क्षार गंधक धरून ठेवतो. देशातल्या फार थोड्या केंद्रांत तेव्हा अशी सोय होती. मधल्या काळात केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने हे प्राधिकरणच गुंडाळावं म्हणून कोर्टात अर्ज केला होता, हेही लक्षात असू द्या. ज्यांनी पर्यावरण राखायचं, त्यांचाच अर्ज!

एक गोष्ट मात्र टोचते. तालुक्यात बहुसंख्य लोक आदिवासी, त्यात वारली जास्त. बैठकांत बोलणारे बहुतेक बागायतदार, शहरात ओळखीपाळखी असलेले. चिकूचा मोहर गळतो ही तक्रार वर्तमानपत्रात पटकन छापून यायची. त्याच वाडीत फळं काढणाऱ्या बाईचा खोकला क्वचितच. खाडीत मासे मिळेनासे झाले म्हणणाऱ्या मच्छीमाराला तर पुरावा काय, म्हणून विचारायचे. चिकूवर आणि माणसांवर पडणारी राख एकच होती, पण गाऱ्हाण्याचं वजन सारखं नव्हतं. नोकरीच्या आशेने थर्मलच्या बाजूने उभे राहिलेलेही गावात होते, आणि मला त्यांचा राग कधी आला नाही.

आणि प्राधिकरण म्हणजे कायमचं कवच नव्हे. १९९८ मध्ये त्याने डहाणूच्याच किनाऱ्यावरचं वाढवणचं बंदर नाकारलं आणि २०२३ मध्ये त्यानेच हिरवा कंदील दाखवला. मधल्या काळात, २०१९ च्या जानेवारीत, धर्माधिकारी गेले होते. कायदा तोच असला तरी खुर्चीत कोण बसलंय याने फरक पडतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारा.

आता तुमच्याकडच्या वीज केंद्राचं. देशभरातल्या केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संचांना एफजीडीतून सूटच. त्यामुळे "बंद करा" ही मागणी जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या केंद्राचं पर्यावरण मंजुरीचं पत्र मिळवा. त्यात राखेच्या तळ्याच्या, पाण्याच्या, झाडांच्या अटी असतात. त्या पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो लोकांना बघायला मिळायलाच हवा. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राख कन्हान नदीत गेली. नागपूरच्या पिण्याच्या पाण्यातलं काही याच नदीतून येतं. बांधाच्या अटी आधीच्या अहवालांत कशा भरल्या होत्या, हे कुणीतरी बसून वाचायला हवं. काम कंटाळवाणं आहे. दोघंतिघं मिळून करा, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.