बीटलची पेट्रोलची टाकी बदलताना

फोक्सवॅगन बीटल ही सगळी उलटी गाडी आहे. इंजिन मागे, डिकी पुढे, आणि त्या पुढच्या डिकीतच, स्टेपनीच्या मागे व पुढच्या ॲक्सलच्या वर, सुमारे ४० लिटरची पेट्रोलची टाकी. टाकीला चारी बाजूंनी पत्र्याची चपटी कड असते. ती कड बॉडीच्या पत्र्यात ठेवलेल्या मोठ्या भोकाच्या काठावर टेकते, मध्ये पॅकिंगची पट्टी असते आणि चार कोपऱ्यांवरच्या चार दाबपट्ट्या व चार बोल्ट टाकीला जागेवर धरून ठेवतात. टाकीचा तळ खालून उघडाच असतो, म्हणजे रस्त्यावरचे पाणी आणि धूळ डिकीत शिरू न देण्याचे कामही त्या पट्टीकडेच असते. माझी गाडी १९६५ सालची, ११९२ सीसीची, सहा व्होल्टच्या वायरिंगची आहे. तिची टाकी यंदा बदलली, आणि त्या कामात टाकीपेक्षा जास्त वेळ या चार दाबपट्ट्या, त्यांचे बोल्ट आणि ती पॅकिंगची पट्टी यांनीच खाल्ला.

टाकी बदलण्याची वेळ आल्याची चिन्हे बरीच आधी दिसू लागली होती. पेट्रोलच्या फिल्टरमध्ये विटकरी भुकटी साचत होती आणि टाकी पूर्ण भरली की गाडीत पेट्रोलचा वास येत होता. डिकीतले पुठ्ठ्याचे आच्छादन काढून हात फिरवला, तेव्हा कडेच्या अगदी खाली, पट्टी जिथे चिकटते त्या ओळीत, पत्रा खरखरीत झालेला आणि एका ठिकाणी ओलसर लागला. गंज नेमका तिथेच धरतो याला कारण आहे. डिकीच्या झाकणाचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी आत उतरते आणि कडेवर थांबते. जुनी पट्टी ते शोषून घेते, आणि पुण्यासारख्या ठिकाणी पावसाळा संपेपर्यंत ती वाळतच नाही. बाहेरून कोरडी दिसणारी टाकी त्या एका रेषेत महिनोन्‌महिने भिजत असते.

आतल्या गंजाची गोष्ट वेगळी. जुनी गाडी बहुतेक काळ उभी असते आणि अर्धी रिकामी टाकी हवेतली वाफ धरते. त्यात आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल असलेले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, जिथे नेमकी पेट्रोल बाहेर पडण्याची वाट असते. शिवाय जुन्या नळ्यांचे रबर त्याने फुगते किंवा ठिसूळ होते, आणि वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून जाळीत येतो. गाडी रोज फिरणारी असेल तर हे सारे कमी जाणवते. महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीला मात्र ते चांगलेच भोवते.

भोक बुजवून तीच टाकी वापरावी असा सल्ला मला गॅरेजमध्ये मिळाला. तो मी मानला नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ उरलेली असते, आणि हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एक ठिणगी पुरते. नुसत्या पाण्याने धुऊन ती जात नाही. नीट वाफारून, निष्क्रिय वायू भरून टाकी झाळणारे कारागीर आहेत, पण कडेचा पत्रा सगळीकडेच पातळ झाला असेल तर एक भोक बुजवताना शेजारी दुसरे पडते. आतून लेप देण्याचा उपायही लोक करतात. तो लेप इथेनॉलला टिकणारा नसेल तर पुढे त्याचीच सालपटे नळीत अडकतात. सुदैवाने बीटल २ कोटी १५ लाखांहून अधिक संख्येने बनली, त्यामुळे तिची टाकी आजही नवी तयार होते आणि परदेशातून मागवता येते. वाहतूक आणि कस्टमचा खर्च टाकीच्या किमतीला लाजवतो, हे खरे.

काढण्याचे काम सोपे आहे, फक्त घाई चालत नाही. आधी मागच्या सीटखालच्या बॅटरीचे कनेक्शन सोडवायचे. टाकी उंचावर असल्याने नळी सोडताच पेट्रोल आपोआप वाहू लागते, म्हणून टाकी शक्य तितकी रिकामी करून नळी चिमट्याने दाबून धरावी लागते. १९६२ ते १९६७ या मॉडेलांत पेट्रोलचा काटा यांत्रिक असतो; टाकीवरच्या तरंगत्या खटक्यापासून डॅशबोर्डपर्यंत एक बारीक केबल जाते, ती वाकू न देता सोडवायची. बोल्ट गंजून धरले असतील तर एरवी आपण आच देतो, इथे तो मार्ग बंद. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यायचे आणि १३ नंबरच्या पान्याने थोडे पुढे, थोडे मागे असे करत आटे वाचवायचे.

आता त्या दाबपट्ट्या. प्रत्येक पट्टीचे एक टोक टाकीच्या कडेवर आणि दुसरे बॉडीवर टेकते, बोल्ट मधून जातो, आणि तो आवळला की पट्टी कडेला खाली दाबते. मूळ पट्ट्या जाड, घडीव आणि किंचित खालच्या पातळीवर वळवलेल्या असतात. नव्या संचात आलेल्या पट्ट्या पातळ पत्र्याच्या होत्या; हाताने आवळतानाच मधोमध पोट काढून वाकल्या आणि कडेवर टेकलेले टोक वर उचलले गेले. अशी पट्टी दिसायला घट्ट असते आणि धरत काहीच नाही. म्हणून जुन्याच पट्ट्या तारेच्या ब्रशने घासून, जस्ताचा मुलामा देऊन परत वापरल्या, आणि बोल्ट व वॉशर तेवढे पुण्याच्या नाना पेठेतून नवे आणले. बॉडीचा काठ पत्रा लागेपर्यंत घासून प्रायमर आणि रंग दिला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच पॅकिंगची पट्टी चिकटवली. ही पट्टी नमद्याची घेऊ नये. बंद छिद्रांचा रबरी फोम पाणी शोषत नाही, टाकीची कुरकुरही थांबवतो. तिचे दोन टोक मागच्या बाजूला जुळवले, कारण पुढच्या काठावर पाणी आधी येते.

नवी टाकी बसवण्याआधी आतले कारखान्याचे तेल थोड्या पेट्रोलने धुऊन काढले, तळाची जाळी आणि नळीचा जोड बसवला आणि दोन स्टुलांवर ठेवून, आत थोडे पेट्रोल घालून, रात्रभर खाली कागद अंथरून पाहिले. गाडीत बसवल्यावर गळती शोधणे म्हणजे सगळे पुन्हा सोडणे आहे. नळी मी सुती विणीची मूळ जातीची न घेता इथेनॉलला टिकणारी, एसएई जे३०आर९ दर्जाची घेतली. विणीची नळी शोभते खरी, पण तिच्या आवरणाखाली रबराला पडलेल्या भेगा दिसत नाहीत, आणि बीटल जळण्याच्या ज्या घटना घडतात त्यांत इंजिनाजवळची अशीच जुनी नळी अनेकदा कारण असते. त्याच भीतीपोटी फिल्टरही इंजिनाजवळ न लोंबकळवता पुढे टाकीखाली बसवला.

बोल्ट एकदम पूर्ण आवळायचे नाहीत. तिरप्या कोपऱ्यांची जोडी धरून थोडे थोडे आवळत गेले की पॅकिंगची पट्टी सगळीकडे सारखी दबते. टाकी पूर्ण भरून गाडी फिरवल्यावर फोम बसतो, तेव्हा चारही बोल्ट पुन्हा पाहावे लागतात. माझे दोन बोल्ट अर्धा आटा फिरले. वास गेला आहे, फिल्टर स्वच्छ आहे. डिकीच्या झाकणाचे रबर मात्र अजून जुनेच आहे, आणि पावसाळ्याआधी ते आले नाही तर नव्या पट्टीवरही पाणी साचायला सुरुवात होईल, म्हणून त्याची ऑर्डर दिली आहे.