कॉर्पोरेटर चार, विचारायचं कोणाला?

बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या एका छोट्या हॉलमध्ये तो रविवार गेला. जूनचा उकाडा होता आणि पावसाच्या आधी कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले, साफ होणार का, हीच चर्चा घरोघरी चालली होती. वॉर्डाच्या कारभारात काय बदलायला हवं यावर एकमत व्हावं, म्हणून 22 जण जमले होते. बहुतेक सगळे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातले. संवाद चालवायचं काम माझ्याकडे होतं.

सभेत मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मोकळी चर्चा घेतच नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन वॉरफिल्ड यांच्या कामातून पुढे आलेली एक पद्धत वापरते. आधी प्रत्येकाने गप्प बसून चिठ्ठीवर अडथळे लिहायचे. मग पाळीपाळीने एकेक वाचायचा. बाकीच्यांनी अर्थ विचारायचा, वाद घालायचा नाही. आणि ज्याची चिठ्ठी, त्याचेच शब्द भिंतीवर.

हा शेवटचा नियम त्या दिवशी मोडता मोडता राहिला. घरगुती डबे करणाऱ्या एका ताईंनी लिहिलं होतं, ‘कॉर्पोरेटर चार आहेत, विचारायचं कोणाला?’ बडोद्यात 19 वॉर्ड आणि प्रत्येक वॉर्डातून चार, म्हणजे एकूण 76 नगरसेवक. एका निवृत्त शिक्षकांनी सुचवलं, “त्यापेक्षा ‘समन्वयाचा अभाव’ असं लिहा ना, ताई.” ऐकायला बरं होतं, माझा मार्करही उचलला गेला होता. पण त्या ताईंचा चेहरा पडलेला दिसला आणि मी त्यांचंच वाक्य लिहिलं.

एकूण 47 अडथळे निघाले. प्रत्येकाला पाच मतं. ‘पाण्याची जुनी लाइन’ 16 मतं घेऊन पहिली आली. ताईंच्या वाक्याला दोनच मतं पडली, पुढच्या टप्प्यासाठी घ्यायच्या पहिल्या बारांत ते कसंबसं शिरलं.

बहुतेक बैठका इथेच संपतात, आणि मला वाटतं तिथेच फसतात. सगळ्यात जास्त दुखतं ते सगळ्यांच्या मुळाशी असेलच असं नाही. म्हणून पुढे जोड्या लावायच्या: हा अडथळा दूर झाला, तर तो दुसरा दूर करायला भरीव मदत होईल का? उत्तर ‘होय’ आलं, की पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा; असा बाणांचा नकाशा तयार होतो. बारा अडथळ्यांचे 132 प्रश्न होतात. पण पहिल्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला मदत होते असं ठरलं, की पहिला-तिसरा विचारावा लागत नाही, त्यामुळे बरेच प्रश्न गळतात. ‘होय’साठी आम्ही तीन-चतुर्थांश हात ठरवले होते, म्हणजे 17.

सेव-उसळ खाऊन लोक परत बसले आणि ताईंचं वाक्य पाण्याच्या लाइनीसमोर आलं. पाणीपुरवठ्यात नोकरी केलेले एक काका लगेच म्हणाले, “काही संबंध नाही. आजवा तलावाचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून येतंय, लाइन जुनी झाली, एवढंच.”

ताई उठल्या. “काका, आमच्या गल्लीत गढूळ पाणी आलं तेव्हा मी चौघांनाही सांगितलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लिहून दिलंय.”

“म्हणजे अर्ज गेलाच नाही?”

“नाही गेला.”

काका बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मागणीच आली नाही तर लाइन बदलायच्या यादीत तुमची गल्ली येणार कशी? ताई, बरोबर आहे तुमचं.” हात मोजले, 19 होते. पुढच्या दीड तासात तेच वाक्य नकाशाच्या तळाशी जाऊन बसलं. कांस, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, सगळ्यांचे बाण तिथूनच निघत होते. मला भरून आलं.

त्यानंतर मागणी ठरायला वेळ लागला नाही: महिन्याच्या पहिल्या शनिवारी चारही नगरसेवक आणि वॉर्ड अधिकारी एकत्र बसतील, तक्रारींची वही एकच असेल आणि मागच्या महिन्याच्या तक्रारी आधी वाचल्या जातील. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असं 74व्या घटनादुरुस्तीने आणलेलं कलम 243-एस सांगतंच, त्याचाही उल्लेख करायचं ठरलं. संध्याकाळी दोन नगरसेवक आले. एकांनी होकार दिला, दुसरे म्हणाले, बाकीच्या दोघांशी बोलून सांगतो.

अर्ज गुजरातीत द्यायचा होता, तो काकांनीच लिहायला घेतला. ताई शेजारी बसून बघत होत्या. पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: ‘कॉर्पोरेटर चार छे, पूछवानुं कोने?’