तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सेसना लिहायला का सांगते

"नर्सच्या लेखात नवीन काय असणार?" संपादक मंडळाच्या बैठकीत तुम्ही हे नेहमी विचारता, हल्ली तर माझी निमंत्रणं निघायच्या आधीच विचारता. नियतकालिक पशुवैद्यकांचं, मग ही बाई व्हेटरनरी नर्सेसच्या मागे का लागते? एकदाच सांगते.

भुलीतल्या मृत्यूंचा 2008 सालचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास तुमच्या लेखांत हमखास असतो. मांजरांमध्ये 0.24 टक्के, हे पाठच असतं. पण त्यातले सुमारे 60 टक्के मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यावरचे, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. त्या तीन तासांत तुम्ही कुठे असता? पुढच्या केसमध्ये. पिंजऱ्यापाशी नर्स असते. मग तिथे काय दिसतं ते लिहायचं कोणी?

"त्यांना लिहिता येत नाही" म्हणता. तुमचे मसुदे छापण्याआधी कसे असतात, ते मी वाचलेत. असो.

एका नर्सने भुलीतून बाहेर येणाऱ्या मांजरांच्या वेदनेवर लिहिलं होतं. फेलाइन ग्रिमेस स्केल म्हणजे मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत. तिच्यात कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण. 10 पैकी 4 झाले की वेदनाशामकाचा विचार करायचा. तिचा मुद्दा असा, की गुंगीतलं मांजरही डोळे अर्धवट मिटून, मान टाकून पडलेलं असतं. त्यामुळे ती थोड्या वेळाने पुन्हा गुण द्यायची, आणि मधे जे जे केलं ते टिपून ठेवायची. तक्त्यात शेवटी दोन रकाने होते: डॉक्टरांना कळवलं ती वेळ, औषध मिळालं ती वेळ. दोन्हींतलं अंतर वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

मग तिच्या दवाखान्याच्या प्रमुखांचा फोन आला. शेवटचे दोन रकाने काढा आणि लेखक म्हणून पहिलं नाव माझं घाला. मी म्हटलं, लिहिलंय तिने. तुमचे आभार मानता येतील. ते म्हणाले, नोंदी दवाखान्याच्या आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण नोंदी खरोखरच दवाखान्याच्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिची मेल: "लेख मागे घेते. मला इथेच काम करायचंय." मी फोन केला, तर ती दाखल असलेल्या एका मांजराबद्दलच बोलत राहिली. लेखाचा विषय तिने काढला नाही, मलाही काढवला नाही. त्या पानांवर तुमच्यातल्याच एकाचा लेख गेला. त्यात नवीन काय, हे कोणी विचारलं नाही.

प्रॅक्टिस करत होते तेव्हा मीही म्हणायचे, अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. त्या बाईंशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझं भांडण अजून मिटलेलं नाही. त्या नर्सचा लेख परीक्षणाला गेला असता तर त्या बाईंनी विचारलं असतं: मांजरं किती, तुलनेला गट कुठे, औषध दिलंय हे माहीत असणारीच गुण देते ते कसं चालेल? रास्त प्रश्न. तुमच्या केस रिपोर्टला, म्हणजे एखाद्याच रुग्णावरच्या लेखाला, मात्र ते कोणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

आणि तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला छळतो. निमंत्रण देणारी मी. प्रमुखांसमोर उभी राहणार ती. आता निमंत्रणाच्या पत्रात एक ओळ असते: लिहायला घेण्याआधी नोंदी वापरायची लेखी परवानगी घ्या, आणि लेखक कोण हेही तेव्हाच ठरवून घ्या. मंडळातल्या एकांचं म्हणणं, ही ओळ वाचूनच अर्ध्याजणी मागे फिरत असतील. असेलही. पुढच्या अंकाची पत्रं याच आठवड्यात जातायत. ओळ अजून काढलेली नाही.