तुम्ही विचारलंत म्हणून: मग तुम्ही सांगत का नाही?

"तुम्ही कन्सल्टंट होतात ना, मग आता हे कोचिंग काय काढलंय, फरक काय दोन्हीत?" महिन्यातून दोनदा तरी हे ऐकतो मी, भोसरीत टपरीवर चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. सदाशिव पेठेतल्या आमच्या मावशीने तर थेट विचारलं, "जेईईचा क्लास का एमपीएससीचा?"

मावशीला हसू नका. कोच हा शब्द मुळात घोडागाडीचा, हंगेरीत कोच नावाचं गाव आहे तिथे तसल्या गाड्या बनायच्या, आणि १८३० च्या सुमाराला ऑक्सफर्डच्या पोरांनी तो परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी मास्तरला चिकटवला. म्हणजे मावशीचाच अर्थ जुना, आम्ही मागून आलो.

तर कन्सल्टंट म्हणजे उत्तर विकणारा माणूस. मी बारा-तेरा वर्षं तेच केलं, स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभं राहायचं, मोजायचं, रिपोर्ट द्यायचा, बिल लावायचं. यात कमीपणा काही नाही हां, हल्ली कोचिंगवाले कन्सल्टंटकडे जरा वरून बघतात ते मला अजिबात पटत नाही. दीड महिन्यावर आयएटीएफचं, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांच्या क्वालिटी सर्टिफिकेटचं, ऑडिट आलंय, कागद तयार नाहीत, आणि मी समोर बसून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतोय, तर तुम्ही मला हाकलून द्याल आणि बरोबरच कराल.

कोचने मात्र स्वतःचं उत्तर असलं तरी गिळायचं असतं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला सल्ला न देता तासभर बसवणं ही काय शिक्षा आहे ते घरच्यांना विचारा.

भोसरीतलेच एक मालक आहेत, आठ व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन, सगळं जॉबवर्क, दुसऱ्यांच्या ऑर्डरचं काम. एका पार्टवरून दुसऱ्या पार्टवर जाताना मशीनचं सेटिंग बदलायला सव्वा तास जायचा. मी कन्सल्टंट म्हणून गेलो, दोन दिवस मोजलं, तर त्यातली पंचवीस मिनिटं ऑपरेटर नुसता उभा, कारण इन्सर्टच्या, म्हणजे मशीनच्या कटरला लावायच्या पात्यांच्या, कपाटाची चावी शेठच्या खिशात आणि शेठ चाकणला कस्टमरकडे. रिपोर्टमध्ये लिहिलं, चावी सुपरवायझरला द्या, रजिस्टर ठेवा. दिली. सेटिंग पन्नास मिनिटांवर आलं, माझं बिल पास झालं, मी खुश.

आठ महिन्यांनी सहज डोकावलो तर परत सव्वा तास. रजिस्टर कोरं. चावी खिशात.

आता यांना माहिती कमी होती का? चावीमुळे वेळ जातो हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, आकड्यासकट. असं असतं तेव्हा दुसरा रिपोर्ट देऊन काही होत नाही. मी तेव्हा नुकतंच कोचिंग शिकलेलो, म्हटलं सहा बैठका करू, मी काही सांगणार नाही. ते म्हणाले, "मग येता कशाला?"

दुसऱ्या बैठकीत मी एवढंच विचारलं, चावी परत तुमच्याकडे कधी आली? आणि गप्प बसलो. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ते बोलायला लागले, फार पूर्वी पार्टनर होता, घरातलाच माणूस, कपाट त्याच्याकडे असायचं आणि माल मागच्या दाराने बाहेर विकला जायचा, हे त्यांनी कामावर कोणाला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणाले, "तुमच्या रजिस्टरवर माझा विश्वासच नाही, तेव्हाही रजिस्टर होतंच की." हे मी माझ्या स्टॉपवॉचने कसं मोजणार होतो! पुढच्या बैठकीला स्वतःच म्हणाले, कपाटं दोन करतो, रोजचे इन्सर्ट सुपरवायझरकडे, महागाचे माझ्याकडे. माझ्या रिपोर्टमध्ये हे नव्हतं. सुचलंही नसतं.

बाकी ग्रो नावाचं एक मॉडेल आहे, ध्येय काय, आत्ता कुठे आहात, पर्याय काय, करणार काय, १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झालेलं, बरेच कोच ते शिकतात, पण ते पाठ करून गप्प बसता येत नाही. आणि कोणाला कोच म्हणून घेणार असाल तर आधी चौकशी करा, कारण आपल्याकडे कार्डावर कोच छापायला कुठलंच लायसन्स लागत नाही (कन्सल्टंट छापायलाही नाही म्हणा). इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून संस्था आहे, १९९५ पासूनची, तिच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव मागतात, तेवढं तरी आहे का विचारा. कंपनी पैसे भरत असेल तर बैठकीतलं काय साहेबापर्यंत जाणार हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, नाहीतर कोण मोकळं बोलणार?

शेठनी सहाव्या बैठकीनंतर विचारलंच, "बोललो मी, उपाय मी काढला, मग बिल तुमचं कसं?" घासाघीस करून दिलं शेवटी. सेटिंग पंचावन्न मिनिटांवर आहे, कन्सल्टंट असताना मी पन्नासवर आणलं होतं, पण हे वर्षभर टिकलंय. महागाच्या कपाटाची चावी अजून त्यांच्याच खिशात असते आणि ती मी मागितलेली नाही.