प्रार्थना केली, पहाराही बसवला

मैदान, घंटा, गुरुजन यांच्याविषयी या स्मरणिकेत इतर जण माझ्यापेक्षा सरस लिहितील. मी एका प्रश्नावर लिहितो. ख्रिस्ती घरांतल्या मुलांना तो शाळेच्या वयातच पडतो: सगळं देवाच्या सामर्थ्याने होतं, तर आपण घाम कशाला गाळायचा?

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (2:12-13) प्रेषित पौल तारण (देवाकडून मिळणारी सुटका) साधून घ्यायला सांगतो आणि लगेच म्हणतो की, इच्छा व कृती दोन्ही आपल्या ठायी घडवणारा देवच आहे. इथे निम्मं त्याचं, निम्मं आपलं अशी वाटणी नाही. तो आधीपासून आत काम करतो आहे, म्हणून आपण कष्ट करायचे. वाटणी केली की हिशेब सुरू होतो: पास झालो तर माझा अभ्यास, नापास झालो तर देवाने ऐकलं नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते पाहायचं तर पारसच्या राजाच्या दरबारातल्या नहेम्या या यहूदी सेवकाकडे पाहावं. यरुशलेमच्या पडक्या तटाची बातमी कळल्यावर त्याने उपास आणि प्रार्थना यांत जवळजवळ चार महिने घालवले. राजाने विचारताच मनातल्या मनात एक छोटी प्रार्थना केली आणि नेमकं मागितलं: वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं, शिवाय राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला लाकूड देण्याचा हुकूम. शहरात पोहोचल्यावर कोणाला न सांगता रात्री तटाची पाहणी केली. पुष्कळांना आपापल्या घरासमोरचा भाग बांधायला मिळाला. तिथे कुचराई कोण करणार? हल्ल्याची कुणकुण लागली तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला (नहेम्या 4:9). पहाट फुटल्यापासून तारे दिसेपर्यंत काम चाले. तट 52 दिवसांत उभा राहिला आणि शत्रूंनाही कबूल करावं लागलं की हे काम देवाकडून झालं.

आजारपणातही तेच. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून 15 वर्षं आयुष्य वाढलं, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलंच (2 राजे 20). औषध बंद करून ‘विश्वासाने’ बरं होऊ पाहणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

आपल्या नाशकातही याचं उदाहरण आहे. शरणपूरच्या मिशन वसाहतीत गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना शास्त्राबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. तिथेच शिकलेल्या जेकब वेनराइटने 1873 साली आफ्रिकेत वारलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याचं हृदय तिथे पुरताना प्रार्थना वाचली; मग त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या तांड्याबरोबर तो महिनोन् महिने चालला.

द्राक्षवेलीचा दाखला (योहान 15) आपल्याकडे हमखास चुकीच्या बाजूने वाचला जातो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, पेस्ट लावणं, फुटींची विरळणी हे सगळं पाहत वाढलेला माणूस त्या दाखल्यात स्वतःला बागायतदार समजतो. पण तिथे माळी पिता आहे, वेल ख्रिस्त आहे आणि आपण फांद्या. काडीच्या डोळ्यात (कळीत) घड तयार होतो तो महिनोन् महिने आधी, नजरेआड. ढगाळ हवा लांबली की फुटीबरोबर घड जिरतोही. फांदी घड ओढून काढू शकत नाही, आणि तुटली तर सुकते. मग तिचे कष्ट कोणते? वेलीत राहणं. त्याचा अर्थही तिथेच दिला आहे: त्याची वचनं मनात ठेवणं (15:7) आणि त्याच्या आज्ञा पाळणं (15:10). ही दोन्ही रोजची, कंटाळवाणी वाटणारी कामं आहेत. वर्षभर ती सोडून मार्चमध्ये रात्रभर प्रार्थना करणाऱ्याची गत काय होते, हे नाशिककराला सांगायला नको.

दहावी-बारावीच्या मुलांनी सकाळी 15 मिनिटं एक स्तोत्र वाचावं आणि त्या दिवसाचा विषय नाव घेऊन देवापुढे ठेवावा. ‘चांगले मार्क दे’ यापेक्षा ‘भूमितीची भीती वाटते, आज ती प्रमेयं सोडवायला बसव’ ही प्रार्थना जास्त खरी. मग वही उघडावी. अभ्यास संपल्यावर आभार मानून वेळेवर झोपावं. उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ, असं 127वं स्तोत्र सांगतं. रविवारी उपासना चुकवून क्लासला जाणाऱ्यांचा एक दिवस वाचतो असं वाटतं, पण विसावा न मिळालेलं डोकं सोमवारी तोच धडा दोनदा वाचतं. आणि एकट्याने हे ओढू नये. शत्रू अमालेकाशी इस्राएल लढत असताना यहोशवा रणात होता, मोशे टेकडीवर हात उंचावून उभा. मोशेचे हात थकले तेव्हा बसायला धोंडा दिला गेला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. वर्गातला एक मित्र आणि मंडळीतलं एक वडीलधारं माणूस, एवढी माणसं परीक्षेआधीच ठरवून ठेवावीत.