गोधडीसाठी घरचे रंग : आतापर्यंतची नोंद

येत्या गोधडीचे सगळे तुकडे घरीच, झाडापानांच्या रंगात रंगवायचे असं दसऱ्याला ठरवलं होतं. पिवळा, तांबूस आणि शेवाळी असे तीन रंग आता मनासारखे जमलेत. तिन्हींचं सामान नाशकात जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुती कापडाचा रंग टिकणार की नाही, हे रंगाचं पातेलं गॅसवर चढण्याआधीच ठरलेलं असतं. रंग कापडाला धरून ठेवते ती तुरटी; रेशीम आणि लोकर ती सहज धरतात. सुताला मात्र आधी टॅनिन, म्हणजे झाडापाल्यातलं तुरट द्रव्य, द्यावं लागतं, आणि त्यासाठी हिरड्यासारखं दुसरं काही नाही. मी मांजरपाट घेते. आधी धुण्याचा सोडा घालून तासभर उकळते, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघून जातो. मग १०० ग्रॅम कोरड्या कापडाला २० ग्रॅम हिरडा पूड, कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी नुसतं पिळून सावलीत वाळवायचं, धुवायचं नाही. त्यानंतर १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात पुन्हा एक रात्र. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तुरटी किराण्यात. ही तयारी कंटाळवाणी वाटते खरी, पण दोन रात्री दिलेलं कापड आणि तसंच बुडवलेलं कापड शेजारी ठेवून पाहा. पुन्हा घाई करावीशी वाटणार नाही.

तांबूस रंग कांद्याच्या टरफलांचा. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा टरफलांना काय तोटा! बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात कांदेवाल्या मावशींकडे पिशवी दिली की त्या खालचा सगळा पाचोळा भरून देतात. ‘‘याचं काय करता हो ताई?’’ असं विचारायच्या. रंगलेला रुमाल दाखवला, तेव्हापासून लाल टरफलं वेगळी काढून ठेवतात. टरफलं फार हलकी असतात. कापडाच्या वजनाइतकी घ्यायची म्हटलं तर मोठी पिशवीसुद्धा पुरत नाही.

डाळिंब माझं सगळ्यांत लाडकं. सटाणा-मालेगावकडची डाळिंबं घरात येतातच, सालं वाळवून डब्यात भरून ठेवते. सालीत स्वतःचंच टॅनिन भरपूर असल्याने रंग छान धरतो. तुरटीवर उबदार पिवळा येतो. तेच कापड लोखंडी पाण्यात दोन-तीन मिनिटं फिरवलं की डोळ्यांदेखत शेवाळी होतं! गंजके खिळे, गूळ आणि पाणी बरणीत काही आठवडे मुरवलं की हे पाणी तयार. जपून वापरा, लोखंड जास्त झालं तर कापड पुढे कुजकं होतं. त्याच कारणाने रंगाचं पातेलं स्टीलचं हवं, आणि ते स्वयंपाकात परत न्यायचं नाही.

झेंडूही केला, दसऱ्याच्या उतरवलेल्या माळांचा. प्रसन्न पिवळा येतो.

हळदीबद्दल बरेच जण विचारतात. प्रत्येक रंगाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून गॅलरीच्या उन्हात ठेवली होती. हळदीची उघडी बाजू सगळ्यांत आधी उडाली, डाळिंबाची जवळपास तशीच राहिली, कांद्याची किंचित फिकटली. शिवाय हळद साबण लागताच लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. रोज अंगावर घ्यायच्या, धुवायच्या गोधडीला हळद नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवण सुरू झाली आहे. आत सासूबाईंचं जुनं नऊवारी, वर हे तुकडे. धावदोरा त्याच घालतात, कडेने सुरू करून आत येत. माझे टाके त्यांच्याइतके बारीक नाहीत, पण त्या म्हणाल्या, ‘‘सरळ येतायत ना, मग घाल तू.’’ त्यामुळे एक कड माझ्याकडे आली आहे, याचा मला फार आनंद आहे.

आता लाल हवा, म्हणजे मंजिष्ठा, एका वेलीची मुळं. तिचं पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर लालाऐवजी विटकरी-तपकिरी रंग येतो. पाण्यातला चुना तिला मानवतो, म्हणून नळाच्या पाण्याऐवजी आमच्या सोसायटीच्या बोअरचं जड पाणी घेणार आहे. मुळं भिजत घातली आहेत. कोणी बोअरच्या पाण्यात मंजिष्ठा केली असेल तर कापडाचा फोटो जरूर टाका, आणि हिरडा दिला होता की नाही तेही सांगा.